माश्यांची साक्ष

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायची आणि इंग्रजी शाळेत लिहायची, अशी सवय. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी दोन दिवस संपादक मंडळाला चुकवत फिरत होते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सरांनी जरूर लाल पेन काढावा, पण लेख पूर्ण वाचावा ही विनंती. आणि दुसरी विनंती, हा लेख मेसमध्ये जेवताना वाचू नका!

गुन्ह्याचा तपास या विषयात आमच्या हॉस्टेलमधल्या सगळ्याच जणी एक्स्पर्ट आहेत, कारण लहानपणापासून आम्ही सीआयडी बघत आलो. दयाने दार तोडायचं, डॉ. साळुंखेंनी काचेच्या नळीत काहीतरी जांभळं हलवायचं, आणि जाहिराती धरून तासाभरात खुनी हजर! माझ्या रूममेटची मामेबहीण इथे अंबाजोगाईतच, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिचं न्यायवैद्यकशास्त्राचं जाडजूड पुस्तक एकदा आमच्या खोलीवर आलं आणि सबमिशनच्या ऐन आठवड्यात आम्ही तेच वाचत बसलो. प्रेतावरच्या माश्या आणि अळ्या यांच्यावरून मृत्यूची वेळ कशी काढतात, असा एक भाग त्यात होता. त्यावरून आणखी शोधत गेले आणि एका चिनी माणसाचं नाव सापडलं. Song Ci असं त्याचं स्पेलिंग नसतं तर बरं झालं असतं, कारण आम्ही ते आधी सोंग असंच वाचलं आणि पोट धरून हसलो. खरा उच्चार साधारण सुंग त्स असा आहे. पण आमचं चुकीचं वाचनही अगदी वाया गेलं नाही, कारण या माणसाने आयुष्यभर इतरांची सोंगं उघडी पाडली.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही गोष्ट आबांना सांगितली. आबा म्हणजे माझे आजोबा. ते आधी हसत हसत ऐकत होते. मग मी अळ्यांबद्दलचा त्याचा एक नियम सांगितला. आबा काही न बोलता उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. का, ते शेवटी सांगते. आधी या माणसाची ओळख करून देते.

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आपण सगळ्यांनी बघितली आहे. त्यांचा विवेकसिंधू शके १११० मधला, म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. सुंग त्सचा जन्म त्याच्या दोनच वर्षं आधी, ११८६ साली, दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतात जियानयांग इथे झाला. म्हणजे इकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते आणि मराठीत ग्रंथ लिहायला नुकती सुरुवात होत होती, त्या काळातला हा माणूस. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. सुंग त्सचं पुस्तक तिच्याही ४३ वर्षं आधीचं आहे!

त्याचे वडील सरकारी अधिकारी होते. घर श्रीमंत नव्हतं, पण अभ्यासाचं वातावरण होतं. झू शी नावाचा मोठा तत्त्वज्ञ त्याच गावाजवळ शिकवत असे. त्याच्या शिष्याकडे सुंग त्स शिकला. वस्तूचं खरं स्वरूप जाणून घ्यायचं तर त्या वस्तूपर्यंत जाऊन ती नीट तपासली पाहिजे, असा या पंथाचा आग्रह होता. ही शिकवण त्याला जन्मभर पुरली. पुढे तो राजधानीतल्या विद्यापीठात गेला. राजधानी म्हणजे आजचं हांगझोऊ शहर.

त्या काळी चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी परीक्षा द्यावी लागे. आपल्या एमपीएससी-यूपीएससीची आजीच म्हणा ना! पिढ्यान्‌पिढ्या मुलं पाठांतर करायची आणि केस पिकेपर्यंत अटेम्प्ट द्यायची. सुंग त्स यातली सर्वांत वरची परीक्षा १२१७ साली पास झाला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पहिलं पोस्टिंगही मिळालं. पण वडील आजारी पडले आणि गेले, म्हणून तो रुजूच झाला नाही. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तो घरीच होता. खरी नोकरी सुरू झाली १२२६ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर. कॅम्पस इंटरव्ह्यूत नाव आलं नाही म्हणून दोन दिवस न जेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याचा प्रेतांशी फार संबंध नव्हता. पण या माणसाचं डोकं कसं चालत होतं ते या काळातल्या तीन गोष्टींतून कळतं. एका भागात बंड झालं होतं. त्याने आधी तिथल्या उपाशी गावांना धान्य पोचवलं, कारण पोटात अन्न असलेला माणूस बंडखोरांच्या मागे जाणार नाही हे त्याला दिसत होतं. दुसरी गोष्ट मिठाची. चांगटिंग या डोंगराळ तालुक्याचा तो प्रमुख होता. तिथे मीठ फूझोऊहून नदीमार्गे उलट्या प्रवाहाने यायचं. यायला वर्ष लागायचं आणि मीठ महाग पडायचं. याने नकाशा पाहून दुसरी नदी निवडली आणि चाओझोऊकडून मीठ आणायला सुरुवात केली. तीन महिन्यांत मीठ पोचू लागलं आणि स्वस्त झालं. आमच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरला येतो तसला प्रश्न, फक्त याने तो कॅलक्युलेटरशिवाय सोडवला.

तिसरी गोष्ट दुष्काळाची. ती बीडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. धान्याचे भाव आभाळाला भिडले होते. सुंग त्सने घरांचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गातल्या श्रीमंतांनी साठ्यातलं अर्धं धान्य फुकट वाटायचं आणि अर्धं विकायचं. दुसऱ्या वर्गाने फक्त विकायचं. तिसऱ्याने द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. चौथ्याला अर्धी मदत, पाचव्याला पूर्ण. आठशे वर्षांपूर्वीचं हे रेशनकार्डच! असं काम करणाऱ्याचं वरिष्ठांशी नेहमी पटतंच असं नाही. एकदा त्याला पदही गमवावं लागलं. पण तो परत आला.

१२३९ साली तो ग्वांगडोंग प्रांताचा न्यायप्रमुख झाला. प्रांतातले तुरुंग, खटले, संशयास्पद मृत्यू हे सगळं त्याच्या हाताखाली. तिथे पोचल्यावर त्याला दिसलं की कैदी वर्षानुवर्षं तुरुंगात पडून आहेत आणि त्यांच्या खटल्याकडे कुणी बघितलेलंच नाही. त्याने अधिकाऱ्यांना मुदत घालून दिली आणि आठ महिन्यांत दोनशेहून जास्त प्रकरणं निकालात काढली. असं न्यायप्रमुखाचं काम त्याने आयुष्यात चार वेळा, वेगवेगळ्या प्रांतांत केलं. जिथे ताप आणि रोगराईमुळे अधिकारी जायचे टाळत, अशा आडबाजूच्या ठिकाणीही तो स्वतः जाऊन आला.

चीनमध्ये तेव्हा प्रेताच्या तपासणीचे नियम चांगले होते. अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जायचं. एकाची तपासणी झाली की दुसऱ्याने वेगळी, स्वतंत्र तपासणी करायची. छापील नमुन्यावर नोंद करायची. पण प्रत्यक्षात काय व्हायचं? साहेब नवखा. प्रेताला हात लावायचा कुणी, तर खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या माणसाने. साहेब वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, लांब, धुपाचा धूर करून बसायचा. हात लावणारा ओरडून सांगायचा आणि कारकून लिहून घ्यायचा. यातला कुणीही पैसे खाऊन जखमेची जागा बदलू शकत होता. आणि त्या एका कागदावर एखाद्याची मान जायची किंवा खुनी सुटायचा. सुंग त्सचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की सगळ्या खटल्यांत फाशीचा खटला सर्वांत गंभीर, त्यात सुरुवातीची माहिती सर्वांत महत्त्वाची, आणि ती माहिती प्रेताच्या तपासणीवर उभी असते. पाया एका बोटाने चुकला तर वर पूर्ण इमारत वाकडी जाते. सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून त्याने जुनी पुस्तकं गोळा केली, त्यात स्वतःचा अनुभव घातला, आणि १२४७ साली हुनान प्रांतात असताना एक पुस्तक तयार केलं. नाव शी युआन जी लू, म्हणजे साधारणपणे अन्याय धुऊन काढण्याच्या नोंदी. न्यायवैद्यकावरचं आज उपलब्ध असलेलं जगातलं सर्वांत जुनं व्यवस्थित पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने घोड्याबरोबर हे पुस्तकही घ्यावं, अशा हिशोबाने ते लिहिलेलं आहे. आमच्या भाषेत, लॅब मॅन्युअल.

त्यातली सर्वांत गाजलेली केस विळ्याची. रस्त्याच्या कडेला एका माणसाचं प्रेत सापडलं. अंगावर विळ्याचे दहाएक वार होते. लोक म्हणाले, दरोडेखोरांनी मारलं. पण अंगावरच्या वस्तू जागच्या जागी होत्या. तपास अधिकाऱ्याने विचार केला की चोराला माल हवा असतो, इतके वार करायला राग लागतो. त्याने मृताच्या बायकोला विचारलं, कुणाशी वैर होतं का? ती म्हणाली, वैर असं नाही, पण एक जण पैशासाठी आला होता, ते जमलं नाही, त्यावरून बोलाचाली झाली. अधिकाऱ्याने त्या वस्तीतल्या सगळ्यांना हुकूम दिला की घरात असतील तेवढे विळे घेऊन या, जो लपवेल तोच खुनी समजला जाईल. सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर ओळीने मांडले गेले. दिवस कडक उन्हाचे. थोड्याच वेळात माश्या उडत आल्या आणि एकाच विळ्यावर बसल्या! बाकी विळे स्वच्छ. विळा कुणाचा, तर त्याच पैशावाल्याचा. तो आधी कबूल होईना. अधिकाऱ्याने त्याला फक्त माश्या दाखवल्या. विळा धुतलेला होता, पण रक्ताचा जो वास माणसाला येत नाही तो माशीला येतो. त्याने जमिनीवर डोकं टेकलं आणि कबुली दिली.

ही केस सुंग त्सने स्वतः सोडवली असं बरेच जण लिहितात. पुस्तकात मात्र त्या अधिकाऱ्याचं नाव नाही. सुंग त्सचं मोठेपण वेगळं आहे. ही गोष्ट ऐकून वाहवा करून सोडून न देता त्याने ती इतरांना वापरता येईल अशी लिहून ठेवली. रक्ताची रासायनिक तपासणी नव्हती, मायक्रोस्कोप नव्हता. माशी हाच सेन्सर, आणि तोसुद्धा फुकट!

माझं स्वतःचं लक्ष मात्र विळ्यापेक्षा अळ्यांच्या नोंदींवर खिळलं. चारही ऋतूंत प्रेत कसं बदलतं याचं त्याने टिपण केलं आहे. उन्हाळ्यात साधारण तिसऱ्या दिवशी नाकातोंडातून पाणी सुटतं आणि अळ्या दिसतात, थंडीत हेच सगळं कितीतरी हळू होतं. आणि त्याचा नियम असा. माशी अंडी घालते ती ओलाव्याच्या, आडोशाच्या जागी. म्हणजे डोळे, नाक, तोंड, कान अशा शरीराच्या मोकळ्या दारांशी. म्हणून उन्हाळ्यात जर या दारांशी अळ्या नसतील आणि त्या आधी कानशिलावर, केसांच्या कडेला, बरगड्यांवर किंवा पोटावर दिसल्या, तर त्या जागी इजा झालेली असणार. कारण जखम हे माशीसाठी नव्याने उघडलेलं दार असतं. आजचे कीटकतज्ज्ञसुद्धा भलत्या जागच्या अळ्या दिसल्या की तिथे जखम होती का ते तपासतात.

पुस्तकात आणखी पुष्कळ आहे. हाडावरची जुनी मोड दिसत नसेल तर हाड उन्हात धरून वर तेलावलेली लाल छत्री धरायची, मग मार बसलेली जागा दिसते. आपल्या भाषेत लाइट फिल्टर. बाईच्या प्रेताची तपासणी करताना लाजून काही सोडून द्यायचं नाही, कारण मारणारे लपवायला तीच जागा निवडतात. आणि घाणीला टाळायचं नाही. त्यासाठी उपायही दिलाय, नाकपुड्यांना तिळाचं तेल लावा, तोंडात आल्याचा तुकडा ठेवा, आणि जवळ जा.

सगळं बरोबर होतं असं अजिबात नाही. शरीरात ३६५ हाडं असतात असं त्या पुस्तकात आहे. बारावीच्या मुलालाही माहीत आहे की २०६ असतात. बेवारस हाडं कुणाची हे ओळखायला एक परीक्षा सांगितली आहे. मुलाने आपल्या रक्ताचा थेंब हाडावर टाकायचा, रक्त आत मुरलं तर तो त्याचाच बाप किंवा आई. हे साफ चुकीचं आहे. जुनं सच्छिद्र हाड कुणाचंही रक्त शोषून घेतं. यातून किती घरांनी परक्याची हाडं आपली म्हणून पुरली असतील कोण जाणे. पण प्रश्न खरा होता. हे कोण आहे? या प्रश्नाकडे मी परत येते.

१२४९ साली सुंग त्स ग्वांगझोऊचा प्रमुख होता. अचानक आजारी पडला. तिथल्या विद्यालयात एक समारंभ होता. हाताखालचे लोक म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्याने ऐकलं नाही, स्वतः गेला, आणि त्या दगदगीतून उठलाच नाही. वय त्रेसष्टच्या आसपास. एवढी पदं भोगलेल्या माणसाच्या घरात दागिने नव्हते, तबेल्यात उंची घोडे नव्हते. माशाचं कालवण आणि भात खायचा, जुना जाड अंगरखा वापरायचा. शौक म्हणाल तर जुनी पुस्तकं आणि सुलेखनाचे नमुने. जियानयांगजवळच त्याला पुरलं. त्याचं पुस्तक मात्र पुढे सहाशेहून जास्त वर्षं चीनमध्ये वापरात राहिलं, कोरिया आणि जपानमध्ये गेलं, नंतर इंग्रजीत आलं. २००५ साली चीनच्या टीव्हीवर त्याच्यावर मालिका झाली. म्हणजे त्यांनाही त्यांचा एसीपी प्रद्युम्न मिळाला!

त्याच्यानंतर हे शास्त्र कुठे पोचलं ते थोडक्यात सांगते. अळ्या आपोआप तयार होत नाहीत, माशीच्या अंड्यांतून येतात, हे इटलीच्या फ्रान्सेस्को रेडीने १६६८ साली बरण्यांच्या तोंडाला जाळी बांधून दाखवलं. फ्रान्सच्या मेन्याँने १८९४ साली प्रेतावर कोणते कीटक कोणत्या क्रमाने येतात यावर पुस्तक लिहिलं. मग यात गणित आलं. माशीचं अंडं, अळीच्या तीन अवस्था, कोष आणि नवी माशी हा प्रवास तापमानावर चालतो. ठरावीक तापमानाच्या खाली वाढ थांबते. त्याच्या वर जितके अंश जास्त, तितकी वाढ वेगात. अंश गुणिले तास, ही बेरीज एका अवस्थेसाठी साधारण ठरलेली असते. समजा वाढ १० अंशांना थांबते आणि एका अवस्थेला १५०० अंश-तास लागतात. मग ३५ अंश सरासरीत तासाला २५ जमा होतात, म्हणजे ६० तास. डिसेंबरमध्ये सरासरी २० असेल तर तासाला १०, म्हणजे १५० तास. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, खऱ्या कामात माशीची जात ओळखून तिचा तक्ता वापरतात. पण बघा, एम-थ्रीच्या तासाला जे इंटिग्रेशन कशाला शिकायचं म्हणून आपण रडतो, ते इथे माणूस कधी मेला हे सांगतं.

आणि आता हे कोण आहे या प्रश्नाचं उत्तर. मेक्सिकोमधली एक केस २०१३ साली प्रसिद्ध झाली. एक जळालेलं प्रेत सापडलं, ओळखू येण्यासारखं काही राहिलं नव्हतं, शरीरातून डीएनए मिळेना. मग शास्त्रज्ञांनी प्रेतावरच्या अळ्या घेतल्या आणि त्यांच्या पोटातलं अन्न तपासलं. त्यात माणसाचा डीएनए मिळाला. एक वडील आपली हरवलेली मुलगी शोधत होते, त्यांच्या डीएनएशी तो जुळला. मला हे वाचून अंगावर काटा आला. सुंग त्सने हाडावर रक्त टाकून जे शोधायचा प्रयत्न केला आणि चुकला, त्याचं बरोबर उत्तर अळ्यांकडे होतं. आणि अळ्यांकडे बघा, हे त्यानेच सांगून ठेवलं होतं.

आपल्याकडेही हे शास्त्र आता लांबचं राहिलेलं नाही. २००९ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद आहे. ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे.

आता आबांची गोष्ट.

मी जन्मायच्या कितीतरी आधीची. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊस तोडायला जातात हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे वर्षभराचा गळफास. असाच एक गडी पट्टा पडल्यावर कारखान्यावरून परत आला होता. चैत्र-वैशाखाचे दिवस. दोन दिवस तो घरी दिसला नाही आणि मग शिवारातल्या ओढ्यात, बाभळीखाली सापडला. पंचनाम्याला सही करता येणारी माणसं हवी होती, म्हणून आबांना बोलावलं. लिहिणारे लांब लिंबाच्या सावलीत बसले होते. पंच त्यांच्याजवळ, नाकाला धोतराचा सोगा लावून. ऊन लागून मृत्यू, असं लिहिलं गेलं. आबांनी सही केली. त्याची बायको रडत एवढंच म्हणत होती की उचलीच्या हिशोबावरून भांडण झालं होतं, जरा नीट बघा. पुढच्या हंगामाला ती पोरं घेऊन अर्धा कोयता म्हणून तोडीला गेली.

सही करायच्या आधी आबा एकदाच त्या प्रेताच्या जवळून गेले होते. नाकातोंडाशी काही नव्हतं. कानाच्या वर, केसांच्या कडेला मात्र अळ्या वळवळत होत्या. त्यांना वाटलं, असेल. ते कुणाला बोलले नाहीत, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. त्या दिवाळीत माझ्या तोंडून तो आठशे वर्षांपूर्वीचा नियम ऐकेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं की आपण काय बघितलं होतं.

मी ओसरीवर जाऊन त्यांना समजावलं. म्हटलं, आबा, एवढ्यावरून खून ठरत नाही. उन्हाने चक्कर येऊन तो दगडावर पडला असेल, तरी डोक्याला जखम होईल आणि तिथेच अळ्या दिसतील. शास्त्र एका खुणेवर निकाल देत नाही. आबा म्हणाले की तेच तर. पडला का पाडला, हे जवळ जाऊन बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं, आता ते कधीच कळणार नाही. खुनी सुटला म्हणून नाही, तर प्रश्नच विचारला गेला नाही म्हणून त्यांना झोप लागत नव्हती.

परत हॉस्टेलला आल्यावर मी माझं जर्नल उघडलं. त्यातली निम्मी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली आहेत, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. तुमचीही वेगळी नसतील, खरं सांगा! उद्या आपल्यातलं कुणी पुलाच्या मेजरमेंट बुकवर सही करेल, कुणी बॉयलरच्या तपासणीवर. तेव्हाही लिंबाची सावली असेलच, आणि बाकीचे पंचही सावलीतच बसलेले असतील. सुंग त्स फार मोठा शास्त्रज्ञ होता की नाही मला सांगता येणार नाही. त्याच्या हाडांचा आकडा चुकला, रक्ताची परीक्षा चुकली. पण तो जवळ गेला होता.

मी निघायच्या दिवशी आबांनी मला परत एकदा विचारलं, त्या चिनी माणसाने नाकाला काय लावायला सांगितलं होतं? मी सांगितलं, तिळाचं तेल, आणि तोंडात आलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की त्या दिवशी दोन्ही घरात होतं.